शिट्टी आधी की पाऊल आधी?



या वेळी सदरात जरा कबुलीजबाब आहे. गेल्या वर्षीच्या १ मेच्या खेळांना जे हजर होते त्यांना विषय लगेच कळेल. जे नव्हते त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो.

आपल्या सचिनमध्ये १ मे हा दुहेरी सण. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन्ही राज्यं याच दिवशी झाली, त्यामुळे सकाळी जो भेटेल त्याला एकेक शुभेच्छा जास्तीची द्यावी लागते. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: हे सचिन म्हणजे तेंडुलकर नव्हे. भेस्तान आणि मरोलीच्या मधलं स्टेशन, जंजिऱ्याच्या सिद्दींच्या एका शाखेचं जुनं संस्थान, आणि आता जीआयडीसी. गावसकरांनी २०२३ मध्ये आमच्या स्टेशनच्या पाटीचा फोटो टाकला तेव्हा चार दिवस आम्हीही फार भाव खाल्ला.) ऊन चढायच्या आत, सकाळी सातला, शाळेच्या मैदानावर मुलांच्या शर्यती होतात. शिट्टी वाजवण्याचं काम माझ्याकडे. का, तर कारखान्यात मेन्टेनन्सला असल्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि शिट्टीही माझीच आहे.

बारा वर्षांखालच्या मुलींची शर्यत होती. सहा मुली, चुन्याच्या सहा पट्ट्या. एकदा कुणीतरी आधी पळाली म्हणून सगळ्यांना परत बोलावलं. दुसऱ्यांदाही तेच. मागे पालकांची चुळबुळ, पुढे लिंबू-चमचा आणि पोत्यांची शर्यत बाकी. मी जाहीर केलं, आता जी आधी पळेल ती बाद. तिसऱ्यांदा शिट्टी फुंकली आणि चौथ्या पट्टीतली मुलगी माझ्या डोळ्यांदेखत बाकीच्यांच्या आधी सुटली. ती पहिली आलीही, चांगल्या दोन हातांनी. मी तिला बाद केलं.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "काका, शिट्टी वाजल्यावरच पळाले मी." तिची आजी बाजूला होती. ती हळूच म्हणाली, "भाऊ, पोर खोटं नही बोलस." मी हसून वेळ मारून नेली. कागदावर चार नंबरसमोर 'बाद' लिहिलं.

रात्री माझा भाचा मोबाईल घेऊन आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि गाड्यांच्या शर्यतींचं वेड आहे. एका पालकांनी काढलेला व्हिडिओ त्याने एकेक चित्र पुढे सरकवत मला दाखवला. साध्या मोबाईलमध्ये एका सेकंदाला तीस चित्रं, म्हणजे दोन चित्रांमध्ये सेकंदाचे साधारण तेहतीस हजारांश. ज्या चित्रावर शिट्टीचा आवाज सुरू होत होता, त्याच चित्रावर तिचं मागचं पाऊल उचललेलं होतं. मी म्हटलं, बघ, बरोबरच होतं माझं. तो म्हणाला, "मामा, थांबा. फोन तुमच्यापासून दहा-एक मीटरवर होता. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे शिट्टी फोनपर्यंत पोहोचायला एक चित्राएवढा वेळ गेला. खरी शिट्टी याच्या एक चित्र आधी वाजली. ती शिट्टीनंतरच पळाली."

मी गप्प. त्याने पुढे जे सांगितलं त्याने मात्र झोपच उडाली. "पण शिट्टी ऐकून तीस हजारांशात कुणाचं पाऊल उचलत नाही. ते माणसाच्या शरीराला जमतच नाही. म्हणजे ती शिट्टीनंतर पळाली हे खरं, आणि शिट्टी ऐकून पळाली नाही हेही खरं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. तिला विचारलं, बाळा, खरं सांग, कशी गं सुटलीस? तिने सरळ सांगितलं. "काका, शिट्टी वाजवायच्या आधी तुमची छाती फुगते. मग खांदे वर जातात. मी ते बघत होते." आधीच्या दोन चुकलेल्या सुरुवातींत ती ते शिकली होती. बाकीच्या पाच जणी समोरच्या दोरीकडे बघत होत्या, ही माझ्याकडे.

आता सांगा, ती बाद की नाही? आमचा नियम होता 'शिट्टीच्या आधी पळायचं नाही.' तो तिने मोडला नव्हता. चूक माझी, पण नेमकी कुठली चूक हे मला बराच काळ उमगत नव्हतं.

भाच्याचं उत्तर तयार होतं: ड्रॅग रेस. तुमच्यापैकी अनेक मुलांनी याचे व्हिडिओ बघितले असतील. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' होते तीही हीच. (सचिन-पलसाणा हायवेवर रात्री दोन बुलेटवाले करतात ती नव्हे, आणि माझा भाचा तिथे दिसला तर मला फोन करा.) दोन गाड्या शेजारी शेजारी, सरळ रस्ता, परंपरेने पाव मैल. वळण नाही, फेऱ्या नाहीत. सगळ्यात वेगवान गाड्या हजार फूट चार सेकंदांच्या आत संपवतात आणि शेवटाला ताशी पाचशे किलोमीटरच्या वर असतात. एवढ्या छोट्या शर्यतीत सुरुवात चुकली की पुढे भरून काढायला जागाच नसते.

अमेरिकेत या शर्यती सुरू झाल्या तेव्हा दोन गाड्यांच्या मध्ये एक माणूस झेंडा घेऊन उभा राहायचा आणि झेंडा उडवत उसळी मारायचा. ड्रायव्हर काय करायचे? झेंड्याकडे बघायचेच नाहीत. त्याचा गुडघा, त्याचं कोपर, त्याचा खांदा बघायचे. उडी मारण्याआधी माणूस गुडघ्यात वाकतो, आणि वाकला की यांनी क्लच सोडलाच. भाचा हे सांगत होता आणि मला माझी फुगलेली छाती दिसत होती.

१९६३ मध्ये तिथल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने इंडियानापोलिसच्या मोठ्या स्पर्धेत झेंडेवाल्याच्या जागी दिव्यांचा खांब आणला. लाल-हिरव्या-पिवळ्या दिव्यांमुळे त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. जमिनीलगत आडवा प्रकाशकिरण असतो, पुढचं चाक त्यात आलं की गाडी जागेवर आली. मग पिवळे दिवे खाली उतरत जातात, एकामागून एक, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने, आणि शेवटी हिरवा. वरच्या वर्गांत तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि चार दशांश सेकंदाने हिरवा. हिरव्याच्या आधी चाकाने किरण सोडला की त्या बाजूला लाल दिवा. हरकत कुणापुढे घेणार?

गंमत पुढे आहे. हिरवा दिसल्यावर जो गाडी सोडतो तो हरतो. सगळे जण शेवटच्या पिवळ्यावरच सोडतात, कारण पिवळ्यानंतर हिरवा किती वेळाने येणार हे ठरलेलं आहे. हिरवा लागला त्याच क्षणी चाक सुटलं तर ती सर्वोत्तम सुरुवात, शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य. त्याच्या एक हजारांश आधी सुटलं तर लाल. म्हणजे तिथे अंदाज बांधणं ही लबाडी नाही, तोच तर खेळ आहे! आणि गाडीच्या धावेचं घड्याळ हिरव्यावर सुरू होत नाही, चाक सुटल्यावर सुरू होतं. त्यामुळे कधी कधी कागदावर जास्त सेकंद घेणारी गाडी आधी पोहोचते, कारण तिचा ड्रायव्हर दिव्यावर झोपला नाही.

मी म्हटलं, म्हणजे आपली चौथ्या पट्टीतली मुलगी तिथे जिंकली असती. "तिथे जिंकली असती," भाचा म्हणाला, "ऑलिम्पिकमध्ये बाद झाली असती."

कारण धावण्याच्या शर्यतींचा नियम बरोबर उलटा आहे. तिथे पायाखालच्या ब्लॉकमध्ये यंत्र असतं, आणि बंदुकीच्या आवाजानंतर दहा शतांश म्हणजे ०.१०० सेकंदाच्या आत कुणी जोर दिला तर धरून चालतात की त्याने ऐकलं नाही, अंदाज बांधला. बाद. २०१० पासून तर पहिल्याच चुकीला बाद. २०११ मध्ये उसेन बोल्ट असाच डेगूच्या जागतिक स्पर्धेत शंभर मीटरच्या अंतिम फेरीतून बाहेर गेला, पण तो इतका उघड आधी सुटला होता की यंत्राची गरजच नव्हती.

मला टोचलं ते दुसरं उदाहरण. २०२२ ची जागतिक स्पर्धा, अमेरिकेतलं युजीन शहर, ११० मीटर अडथळ्यांची अंतिम फेरी. डेव्हन ॲलन हा तिथल्याच विद्यापीठाचा खेळाडू. महिन्याभरापूर्वीच त्याने १२.८४ सेकंदांची धाव काढली होती, वडील नुकतेच गेले होते, स्टेडियम घरचं. यंत्राने त्याची सुरुवात मोजली: ०.०९९. मर्यादा ०.१००. एक हजारांश सेकंद. एवढ्यावर त्याला मैदानाबाहेर काढलं. डोळ्यांना त्याची चूक दिसत नव्हती. यंत्राने आपलं काम चोख केलं, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण दहा शतांश ही रेघ कुणी ओढली? माणसांनीच, एका टेबलाभोवती बसून. त्या रेघेच्या अलीकडे एखादा खरोखरच चपळ कानाचा माणूस असूच शकत नाही का, हे यंत्राला विचारून कळणार नाही.

आणि माणसाच्या हातातल्या सुरुवातीचं काय होतं, तेही बघा. १९९३ ची इंग्लंडची ग्रँड नॅशनल घोड्यांची शर्यत. एकोणचाळीस घोडे, समोर आडवी फीत. फीत एका जॉकीच्या गळ्यात अडकली, स्टार्टरने चूक जाहीर करायला लाल झेंडा उचलला, तर तो उलगडलाच नाही. पुढे उभा असलेला परत फिरवणारा माणूस त्या झेंड्याच्या भरवशावर. तीस घोडे सुटले ते सुटलेच. सात तर पूर्ण अंतर धावून आले. पहिल्या आलेल्याला वाटलं आपण जिंकलो! शर्यत रद्द, आणि कोट्यवधी पौंडांच्या पैजा परत कराव्या लागल्या. एका न उलगडलेल्या कापडापायी. सुरतेत राहून कापडाला एवढं महत्त्व आपणही दिलं नसेल.

आपल्याकडेही आहेच की. सातारा-सांगलीकडे बैलगाडा शर्यतीत एका वेळी अनेक गाड्या सुटतात, तिथे झेंडापंच असतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातलेली बंदी उठून मे २०२३ मध्ये या शर्यतींवर कायद्याचं शिक्कामोर्तब झालं, आता गावोगावी पुन्हा मैदानं भरतात. पुण्याकडच्या घाटात गाडे एकेक करून घड्याळावर पळतात, तिथे शेजारच्याआधी सुटण्याचा प्रश्नच नाही. पण जिथे जोड्या एकत्र सुटतात तिथे झेंडापंचाच्या हाताकडे गाडीवान बघतो, बैल नाही बघत, आणि भांडण होतं ते माणसांचं.

पी. टी. उषाची गोष्ट तर आमच्या पिढीला पाठ. लॉस एंजेलिस, १९८४, चारशे मीटर अडथळे, अंतिम फेरी. एका शतांश सेकंदाने कांस्यपदक हुकलं: ५५.४१ आणि ५५.४२. आम्हाला तेवढंच आठवतं. पण त्या शर्यतीत आधी एक चुकीची सुरुवात झाली होती, उषाची नव्हे, दुसरीची. पहिल्या वेळी उषा छान सुटली होती. पुन्हा बोलावलं, पुन्हा बसवलं, आणि दुसऱ्या वेळी ती लय जमली नाही. हे मी आमच्या मुलींना दोनदा परत बोलावताना मला आठवायला हवं होतं.

असो. मंडळाच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. दोन मतं पडली. एक म्हणे, लहान मुलांचे खेळ आहेत, एवढं काय. दुसरं म्हणे, यंत्र आणा. दुसरं मत माझ्या भाच्याचं होतं आणि तो सभासदसुद्धा नाही.

तरी त्याने यंत्र बनवलं. आमच्या खात्यात लूमवर प्रकाशकिरणाचे सेन्सर असतात. धागा तुटला की सांचा आपोआप थांबतो, कारागिराने बघितलं असो वा नसो. असले जुने सेन्सर मी शेठना विचारून भंगाराच्या भावात घेतले. सहा पट्ट्या, सहा किरण, घोट्याच्या उंचीवर. लाकडी खांबावर तीन पिवळे, एक हिरवा, शिवाय भोंगा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाचणी. रात्री झकास चाललं. सकाळी मैदानावर नेलं तर सहाच्या सहा लाल! कुणी पट्टीवर उभंसुद्धा नव्हतं. कोवळं ऊन सरळ सेन्सरच्या डोळ्यात जात होतं. मग प्लंबरकडून पाइपाचे तुकडे आणून त्यांना टोपडी घातली.

पुढची अडचण मुलांनीच काढली. दोन संध्याकाळी सराव केल्यावर त्यांना पिवळ्या दिव्यांचा ताल पाठ झाला. तिसऱ्या दिवशी निम्मी पोरं हिरव्याबरोबर सुटत होती, डोळे मिटूनही सुटली असती. सगळ्यात पटाईत कोण, ते वेगळं सांगायला नको. पालक म्हणाले, ही तर फसवणूक. भाचा म्हणाला, ही कला आहे. बराच वाद झाला, आणि शेवटी ठरलं की आपली शर्यत पळण्याची आहे, तालाची नाही. पिवळे दिवे काढले. आता 'तयार' म्हटल्यावर एक ते तीन सेकंदांच्या मध्ये कधीतरी, यंत्राच्या मर्जीने, भोंगा वाजतो. खांबाचं ख्रिसमस ट्री न राहता आपला साधा खांब झाला, भाचा त्या दिवशी जेवला नाही.

मग मी विचारलं, बटण कुणी दाबायचं? तो म्हणाला, कुणीच नाही, सगळे पाय जागेवर आले की यंत्र आपलं आपण सुरू होईल. अमेरिकेतही आता तसंच आहे. पूर्वी दिवे लावणारा माणूस बटण दाबायचा, आणि ड्रायव्हरांची तक्रार असायची की हा एकाला जास्त ताटकळत ठेवतो. म्हणून दोन्ही गाड्या जागेवर आल्या की संगणकच दिवे सोडतो. तसं करून बघितलं. सहा वर्षांच्या मुलांची चाचणी होती. सगळे पाय रेषेवर आले, यंत्राला समाधान वाटलं, भोंगा वाजला. पाच पळाले. सहावा मागे वळून आईला शोधत होता. पाय रेषेवर, तोंड उलटीकडे. किरणाला पाय दिसतो, तोंड दिसत नाही.

भाच्याला मग मी त्याचेच व्हिडिओ लावायला सांगितले. संगणक आला तरी दोन गाड्यांच्या मागे एक माणूस अजून उभा आहेच, हातात स्विच घेऊन. कुठल्या गाडीतून तेल गळतंय का, कुणी वाटेत आहे का, ते बघतो, आणि गरज पडली तर सगळं बंद करतो. सोडायचं काम त्याच्याकडून गेलं, थांबवायचं त्याच्याकडेच राहिलं. आमच्या लूम खात्यातही तसंच आहे, धागा यंत्र बघतं आणि यंत्र मास्तर बघतो. ही वाटणी मला पटली. भाच्यालाही पटली, पण त्याने ते कबूल करायला आठवडा घेतला.

या १ मेला मी मुलांच्या मागे उभा होतो, हातात फक्त थांबवायचं बटण. माझी छाती कुणाला दिसत नव्हती. नियमही बदलला: यंत्राने लाल दाखवला तरी प्रत्येकाला एक संधी पुन्हा.

ती मुलगी या वर्षी वरच्या गटात. 'तयार' झालं, शांतता, आणि तिच्या पट्टीवर लाल. माझ्या पोटात गोळा आला. मागे आजी होत्याच. पण तीच हात वर करून हसत परत आली. "या वेळी खरंच गेले होते, काका." मग भाच्याकडे वळून, "दादा, किती?" तो म्हणाला, "सहा शतांश." "एवढंच?"

दुसऱ्या वेळी ती भोंग्याची नीट वाट बघून सुटली, जरा जास्तच नीट. तिसरी आली. ती म्हणाली, दुसऱ्यांदा बसल्यावर पायच जड झाले. मी तिला उषाची गोष्ट सांगितली. तिने उषाचं नाव ऐकलं होतं, चुकीच्या सुरुवातीचं ऐकलं नव्हतं. पहिल्या वेळी कोण पळालं होतं, तिला मेडल मिळालं का, असे तिने मला सात-आठ प्रश्न विचारले.

घरी येऊन मंडळाच्या फाईलमधून गेल्या वर्षीचा निकालाचा कागद काढला. चार नंबरसमोरचा 'बाद' खोडला आणि बाजूला लिहिलं, 'शर्यत पुन्हा घ्यायला हवी होती.' खाली सही केली, आजची तारीख घातली. कागद परत फाईलला लावलाय. कुणाला बघायचा असेल तर चिटणीसांकडे आहे.